रविवारच्या विसाव्याचा कैवारी



रविवारी मिस्सेची घंटा होताच आपण हातचे काम ठेवून मंदिराची वाट धरितो. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र हा विसावा झगडून मिळवावा लागला.

१८७० साली खामगावी आगगाडी आली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे अधिक वेगाने जाऊ लागला. तेथील गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. ठाण्यास १८४८ साली जन्मलेले, जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही दैन्यावस्था जवळून पाहिली. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संस्था स्थापिली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर वेतन व दुखापतीची भरपाई, एवढेच त्यांचे मागणे होते.

सहा वर्षे त्यांनी धीर सोडला नाही. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रात कामकऱ्यांच्या न्याय्य वेतनाचा व विसाव्याचा कैवार घेतला.

१८९७ च्या प्लेगात रोग्यांसाठी झटत असता ९ फेब्रुवारीस लोखंडे स्वतःच त्या रोगाला बळी पडले. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि शेजाऱ्यावरील प्रीती त्यांनी आचरून दाखविली. आपल्या शेतातील व घरातील राबणाऱ्यास आपण रविवारी विसावा देतो काय, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.