सुभेदार रामजींची पेन्शन

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. महालात आम्ही दरवर्षी अभिवादन करतो, भाषणेही होतात. बाबासाहेबांचे वडील यापलीकडे मात्र आम्ही फारसे जात नाही. यंदा त्यांच्या पेन्शनविषयी लिहावेसे वाटले.

रामजी मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे. वडील मालोजीही फौजेत होते. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले, सुभेदारपदापर्यंत पोहोचले. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन सरकारकडे दाद मागितली. १८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले. पेन्शन महिना ५० रुपये. दापोली, मग सातारा. साताऱ्यातच भीमाबाई गेल्या.

पुढे मुंबईत, परळच्या चाळीतल्या एका खोलीत संसार होता. भीमरावांना पुस्तक हवे असले की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात. पैसे नसले तर तिचा दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करत. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचे कौतुक सगळेच करतात, त्यामागच्या या दागिन्याचे कोणी करत नाही!

१९१३ साली भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. वाटेत सुरतेला ते मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा रामजींचे शेवटचे क्षण उरले होते. मागे पत्नी जिजाबाई, मुले, सुना आणि लहानगा यशवंत. निवृत्त सैनिकाच्या साध्या मृत्यूनंतर विधवेला सरसकट पेन्शन देणारी योजना त्या काळी नव्हती. ती आली १ जानेवारी १९६४ पासून.

आज सैनिकाच्या पत्नीला साधारणपणे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सेवेमुळे मृत्यू झाल्यास ६० टक्के, युद्धात वीरमरण आल्यास पूर्ण वेतनाइतके. हक्क आहे, पण कागद नीट नसतात. सेवापुस्तकात नाव माहेरचे, आधारकार्डावर सासरचे. मग ती माउली वर्षभर हेलपाटे घालते. म्हणून महालातल्या फौजी घरांना आमची विनंती आहे: माजी सैनिक हयात असतानाच त्यांच्या पेन्शनच्या आदेशात पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते पाहून घ्या. चूक आढळली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. अर्ज लिहायला माणूस नसेल तर आम्ही सोबत येऊ.

जयभीम.