एका तोळ्यात सोन्याचे अणू किती? हा हिशोब शक्य करणारा माणूस शिकला होता वकिली

सोन्याचा आजचा भाव तुम्हाला माहीत असेल. पण एका तोळ्यात, म्हणजे सध्याच्या हिशोबाने १० ग्रॅम शुद्ध सोन्यात, अणू किती असतात?

गणित सोपं आहे. सोन्याचा अणुभार साधारण १९७. म्हणून १९७ ग्रॅम सोन्यात ६०२२ आणि त्यापुढे २० शून्यं, एवढे अणू असतात. हाच शाळेत शिकलेला ॲव्होगॅड्रो अंक. आता १० ला १९७ ने भागायचं आणि उत्तराला या अंकाने गुणायचं. आकडा येतो ३ वर २२ शून्यं, त्याहूनही थोडा जास्त.

गंमत म्हणजे ज्यांच्या नावाने हा अंक ओळखला जातो, त्या आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांना तो कधीच माहीत नव्हता.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ चा, इटलीतल्या तुरीन शहरातला. घराण्यात वकिली होती. त्यांनीही विसाव्या वर्षी चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली आणि वकिली सुरू केली. पण मन रमलं गणितात आणि भौतिकशास्त्रात. स्वतःच अभ्यास करून ते १८०९ मध्ये वेर्चेल्लीला शिक्षक झाले.

१८११ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली. तापमान आणि दाब सारखा असेल, तर कोणत्याही दोन वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्याही सारखीच असते. म्हणजे दोन वायू सारख्या मापाने घेऊन तोलले, की कुणाचा रेणू किती पट जड ते कळणार. अणू न बघता त्यांची वजनं ताडून पाहायची वाट सापडली होती.

पण ऐकलं कुणी नाही. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, असं ॲव्होगॅड्रो सांगत होते. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना चिकटतील, हे डाल्टन आणि बर्झेलियससारख्या दिग्गजांना पटत नव्हतं.

१८२० मध्ये ते तुरीन विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी तिथे राजाविरुद्ध उठाव झाला, आणि त्यानंतरच्या राजकारणात १८२३ मध्ये त्यांचं पद गेलं. ते परत मिळायला साधारण दहा वर्षं लागली. ९ जुलै १८५६ ला त्यांचं निधन झालं, तेव्हाही त्यांची कल्पना बाजूलाच पडलेली होती.

चारच वर्षांनी, १८६० मध्ये, जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. अणुभारांचा घोळ ॲव्होगॅड्रो यांच्या कल्पनेनेच सुटतो, हे इटलीच्या कॅनिझारो यांनी तिथे दाखवून दिलं. ऐकणाऱ्यांत तरुण मेंडेलीव्हही होते.

प्रत्यक्ष संख्येचा अंदाज लागायला सुरुवात झाली ती १८६५ मध्ये, लॉशमिट यांनी हवेतल्या रेणूंचा आकार काढला तेव्हा. १९०९ मध्ये फ्रान्सच्या जाँ पेरँ यांनी या अंकाला ॲव्होगॅड्रो यांचं नाव सुचवलं.

२० मे २०१९ पासून तर 'मोल' या एककाची व्याख्याच या अंकावर ठरते. तुरीनच्या त्या वकिलाला जाऊन तेव्हा १६२ वर्षं उलटून गेली होती.