ॲना मणी : अचूक मोजमापाचा ध्यास

रोवणीच्या दिवसांत आपल्या गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादकांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. त्या आभाळातील ढगांची उंची आज उपग्रह सांगतो. ढगाच्या माथ्यावरून येणारे अवरक्त किरण टिपून तो माथ्याचे तापमान काढतो. वर जावे तशी हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने थंड होते. म्हणून माथा जितका थंड, तितका ढग उंच. परंतु कोणत्या उंचीवर नेमके किती तापमान आहे, हे फुग्यांतून सोडलेल्या उपकरणांच्या नोंदींवरून पडताळावे लागते. असे फुगे नागपूरहूनही सोडले जातात. उपकरण चुकले, तर उंचीचा हिशेबही चुकतो. भारतीय हवामान उपकरणे अचूक व्हावीत म्हणून आयुष्य वेचणाऱ्या ॲना मणी यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरुमेडू येथे झाला. आठव्या वाढदिवशी घरच्या रिवाजाप्रमाणे मिळणारी हिऱ्यांची कर्णफुले नाकारून त्यांनी ज्ञानकोश मागून घेतला. पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन केले. प्रबंध सिद्ध झाला, परंतु एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली.

त्या थांबल्या नाहीत. १९४५ साली इंग्लंडला जाऊन त्यांनी हवामान उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. सुमारे १०० उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले आणि देशातच त्यांची निर्मिती सुरू केली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणारी केंद्रे उभारली. सहकाऱ्यांसह फुग्यांतून उपकरणे पाठवून वातावरणातील ओझोन व अवरक्त प्रारण मोजले. १९६३ मध्ये थुंबा येथील अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा उभी केली. खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

पदवीचे मोल आम्ही जाणतो. ती मिळविण्यासाठी आमच्या आधीच्या पिढ्यांनी काय सोसले, याचा आम्हांस विसर पडलेला नाही. म्हणूनच नाकारलेल्या पदवीने खचून न जाता आपले काम अधिक चोख करणारे हे जीवन आम्हांस जवळचे वाटते. पालकांना आमची एवढीच विनंती आहे : मुलीने दागिन्याऐवजी पुस्तक मागितले, तर ते आनंदाने तिच्या हाती द्यावे.