कॅन्सर, खानदान आणि डॉ. कमल रणदिवे

आपल्या बारामती-इंदापूरकडे एखाद्या घरात कॅन्सर निघाला की इलाजाच्याही आधी एक गोष्ट ठरते. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. पुण्याला नाहीतर मुंबईच्या टाटाला चकरा सुरू होतात, पण मोहल्ल्यात सांगतात की अम्मी लेकीकडे राहायला गेल्यात. कारण एकच असतं. घरात लग्नाच्या पोरी आहेत, लोक म्हणतील यांच्या खानदानातच बीमारी आहे, मग रिश्ते कुठून यायचे? आम्ही शिक्षक मंडळी घरोघरी जातो, त्यामुळे हे जवळून पाहतो. म्हणून आज एका अशा मराठी बाईंची ओळख करून द्यावीशी वाटते, ज्यांनी कॅन्सर खरोखर खानदानातून येतो का, या प्रश्नावर आयुष्यातली अनेक वर्षं घालवली. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे.

त्यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलगा असो की मुलगी, सगळ्या लेकरांनी शिकलं पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष होता. कमलताई हुजूरपागेत शिकल्या, पुढे फर्ग्युसनला गेल्या. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. त्यांनी वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास निवडला आणि 1939 साली लग्न केलं ते गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी.

लग्नानंतर शिक्षण थांबलं नाही, उलट नवऱ्यानंच पुढच्या अभ्यासाला मदत केली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या 1943 मध्ये एमएस्सी झाल्या. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी आणि त्यातली गुणसूत्रं! बारामतीहून पुण्याला जाताना सासवडजवळ रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या मांडलेल्या असतात. पुढे कॅन्सरवर काम करणाऱ्या या बाईंच्या अभ्यासाची सुरुवात त्याच फळाच्या कुळापासून झाली. गुणसूत्र म्हणजे काय, हे आपली पोरं आता शाळेच्या पुस्तकातच शिकतात. आई-वडिलांकडून लेकरात जे उतरतं, ते याच धाग्यांवरून उतरतं.

पुढे रणदिवे कुटुंब मुंबईला आलं. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं होतं. तिथं डॉ. वसंत रामजी खानोलकर हे पॅथॉलॉजीतलं मोठं नाव. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी संशोधन केलं आणि 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. हे काम होतं उंदरांवर. उंदरांच्या काही जातींत माद्यांना स्तनाचा कॅन्सर भरपूर होतो, काहींत जवळजवळ होतच नाही. असं का, हा प्रश्न होता.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. पाहणाऱ्याला वाटे की हा कॅन्सर आईकडून लेकीकडे रक्तातूनच जातो. पण 1936 साली अमेरिकेत जॉन बिटनर या शास्त्रज्ञानं वेगळंच दाखवलं. कॅन्सरवाल्या जातीची पिल्लं जन्मल्याबरोबर निरोगी जातीच्या मादीकडे दूध प्यायला दिली, तर त्यांच्यातला कॅन्सर खूपच कमी झाला. पुढे कळलं की उंदरीच्या दुधातून एक विषाणू जात होता. दुधाच्या नात्याचं महत्त्व आपल्याला नव्यानं सांगायला नको. मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. ही गोष्ट फक्त उंदरांची आहे. माणसात आईच्या दुधानं बाळाला कॅन्सर होत नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो.

कमलताईंचं काम याच वाटेवरचं. जन्मानं मिळालेला वारसा, शरीरातले हार्मोन आणि विषाणू, या तिन्हींचा मेळ कसा बसतो ते त्यांनी तपासलं. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या भारतातल्या पहिल्या संशोधकांत त्यांचं नाव घेतात.

पीएचडीनंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवायचं तंत्र त्या तिथं शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात अशी प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली. रक्ताचा कॅन्सर म्हणजे ल्युकेमिया, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर, यांवर प्राण्यांच्या मदतीनं तिथं काम झालं. 1966 ते 1970 या काळात त्यांनी केंद्राचं संचालकपदही सांभाळलं.

त्यांच्या दोन कामांनी आपले डोळे उघडायला हवेत. पहिलं कुष्ठरोगाचं. कुष्ठरोगसुद्धा शेकडो वर्षं खानदानी समजला जायचा, त्यापायी घरंच्या घरं वाळीत टाकली गेली. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांना त्याचा जंतू सापडला आणि ती समजूत खोटी ठरली. या जंतूवर कमलताई आणि सहकाऱ्यांनी काम केलं, त्यातूनच पुढे लसीची वाट निघाली. दुसरं काम सुपारी आणि तंबाखूचं. त्यांचे आणि सहकाऱ्यांचे यावरचे प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाले. आता आपलंच घर पाहू. दादीचा पानदान, अब्बांचा गुटखा, चाचींची मिश्री. अशा घरात दोघा-तिघांना तोंडाचा कॅन्सर झाला तर आपण खानदानाला दोष देतो आणि डबी मात्र जागेवरच राहते.

मग कॅन्सर खानदानातून येतच नाही का? येतो, पण थोडा. शंभरातले साधारण 5 ते 10 कॅन्सर थेट वारशानं आलेल्या जनुकदोषामुळे होतात. लहान लेकरांचा रक्ताचा कॅन्सर बहुतेक वेळा आई-बापाकडून आलेला नसतो. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेली बीआरसीए नावाची दोन जनुकं 1994 आणि 1995 मध्ये सापडली. त्यातला दोष आईकडून येऊ शकतो तसा बापाकडूनही. म्हणजे सुनेच्या माहेराला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि दोष आला म्हणजे कॅन्सर होणारच असंही नाही. धोका वाढतो, म्हणून तपासणी लवकर सुरू करायची असते. माहिती असेल तरच ती करता येते.

1973 साली कमलताईंनी अकरा सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांकडे वळल्या. मुलांचं पोषण पाहायचं, गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवायचं, असं ते काम होतं. 2001 साली त्यांचं निधन झालं.

आजार आणि शिफा दोन्ही अल्लाहच्या हाती, यावर आपला ईमान आहे. इलाज करून घ्यावा, हीसुद्धा आपल्या दीनचीच शिकवण आहे. म्हणून एक छोटं काम या जुम्म्याला घरात बसून करू या. एका वहीत आईकडचे आणि बापाकडचे दोन्ही नातेवाईक लिहू या. कुणाला कोणता कॅन्सर झाला, कितव्या वर्षी झाला, तंबाखू होती का, सगळं. घरातल्या मोठ्या बायांना विचारलं तर लपवून ठेवलेली एखादी खाला किंवा फुफी त्या यादीत निघेलच. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना ती वही सोबत न्यावी. रिश्त्याच्या भीतीनं ती कपाटात दडवली, तर ज्या पोरींसाठी दडवली त्यांचंच नुकसान होईल.