सवड काढणारे गांधीजी

शेतकरी बंधूंनो, उसाची लागण, पाण्याची पाळी, तोडीची धावपळ. यातून हातकामाला सवड कुठली, असं तुम्ही म्हणाल. मग गांधीजींचं बघा. १८६९ साली जन्मलेला हा बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर चपला बांधायला शिकला. ज्यांनी तुरुंगात टाकलं त्या जनरल स्मट्सना १९१४ साली स्वतः केलेला जोड दिला. पुढे लढ्याचा सगळा भार अंगावर असतानाही त्यांनी रोजची सूतकताई सोडली नाही. पेटी चरख्याला येरवडा चक्र म्हणतात, ते त्यांच्या येरवड्याच्या तुरुंगवासावरूनच. १९४८ साली ते गेले.

सवड मिळत नसते, काढावी लागते. दावं वळणारे, टोपली विणणारे म्हातारे गावात मोजकेच उरलेत. त्यांच्यापाशी रोज अर्धा तास बसा. ते गेल्यावर शिकवणार कोण?