सिकलसेलचे मूळ शोधणारा रसायनशास्त्रज्ञ

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या डॉक्टरांना सिकलसेल हा रोजचा आजार. त्याचे मूळ एका रेणूत आहे, हे दाखवणारे लायनस पॉलिंग मात्र डॉक्टर नव्हते. त्यांचा विषय होता अणू एकमेकांना धरून कसे राहतात हा.

१९०१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडला त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते, ते वारले तेव्हा लायनस नऊ वर्षांचे होते. ओढाताणीत शिकून १९२५ मध्ये त्यांनी कॅलटेकमधून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे म्युनिकला जाऊन क्वांटम भौतिकी आत्मसात केली.

दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक ठेवून बांधले जातात, हे गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्येच मांडले होते. पण कार्बन कोड्यात टाकत होता. त्याचे बाहेरचे चार इलेक्ट्रॉन दोन वेगळ्या प्रकारच्या कक्षकांत असतात. मग मिथेनमधले चारही बंध हुबेहूब सारखे कसे? बंध होताना या कक्षका मिसळून चार समान कक्षका बनतात आणि एकमेकींपासून सुमारे १०९.५ अंशांवर पसरतात, हे पॉलिंग यांनी १९३१ मध्ये दाखवले. सामाईक म्हटले तरी इलेक्ट्रॉनची वाटणी सारखी नसते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन ते हायड्रोजनपेक्षा जास्त आपल्याकडे ओढतो. ही ओढ मोजण्याची पट्टीही त्यांचीच.

मग ते रक्ताकडे वळले. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक किंचित ओढतो, कारण त्यातल्या लोहाचे काही इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. ऑक्सिजन जोडला गेला की ही ओढ नाहीशी होते. हे १९३६ चे काम. त्यामुळेच १९४५ मध्ये एका डॉक्टरांकडून सिकलसेलच्या पेशी ऑक्सिजन कमी झाल्यावर विळ्यासारख्या वाकतात हे ऐकताच, दोष हिमोग्लोबिनमध्येच असणार, हे त्यांनी ओळखले. १९४९ मध्ये हार्वे इटानो व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ते सिद्ध केले : विद्युतक्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोग्यापेक्षा वेगळ्या गतीने सरकते, म्हणजे त्याचा विद्युतभार वेगळा. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी कारण शोधले. ऋणभारित ग्लुटामिक आम्लाच्या जागी भार नसलेले व्हॅलिन आलेले असते. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या रेणूला चिकटते, रेणूंचे दोर वळले जातात आणि पेशी वाकते. आजही सिकलसेलचे निदान पक्के करण्यासाठी आपल्याकडे हिमोग्लोबिनची इलेक्ट्रोफोरेसिस करतात, ती याच तत्त्वावर.

१९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले आणि अणुचाचण्यांना केलेल्या विरोधासाठी १९६२ चे शांततेचेही.

उतारवयात त्यांना ‘क’ जीवनसत्त्वाने झपाटले. सर्दीपासून कर्करोगापर्यंत मोठे डोस गुणकारी आहेत, असा त्यांचा आग्रह होता. मेयो क्लिनिकने कर्करोगाच्या रुग्णांना रोज १० ग्रॅम देऊन चाचण्या केल्या. फायदा आढळला नाही. पॉलिंग यांनी ते मानले नाही. हिमोग्लोबिनच्या वेळी पुरावा गोळा होईपर्यंत थांबलेला हा माणूस इथे का थांबला नाही, हे मला उमगत नाही. गोळ्या मात्र आजही खपतात, आणि मोठ्या डोसने मूत्रखडे होण्याचा धोका वाढतो, हे घेणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असते. ते स्वतः अखेरपर्यंत मोठे डोस घेत राहिले. १९९४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, प्रोस्टेटच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.