निवडणुकीपूर्वीची निवडणूक : रॉबर्ट ला फॉलेट यांचे चरित्र

लोकशाहीत राज्यकर्ते लोकांनी निवडावयाचे असतात, हे आमच्या खालच्या वर्गांतील मुलांसही ठाऊक असते. परंतु मतदानाच्या दिवशी मतपत्रिकेवर जी चारदोन नावे छापलेली दिसतात ती तेथे कोणी आणून ठेवली, हा प्रश्न वडील मंडळींच्याही मनात क्वचितच येतो. पंगतीस बसलेल्या मनुष्यास दोन पदार्थांतून एक निवडण्याची मोकळीक आहे; पण ते दोन पदार्थ कोणते रांधावयाचे हे ठरविणारा आत स्वयंपाकघरात बसलेला आहे, तशातला हा प्रकार. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन नावाच्या राज्यात या स्वयंपाकघराचे दार सामान्य मतदारास उघडून देण्यासाठी ज्या गृहस्थाने आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे वेचली, त्याची हकीकत आम्ही आज वाचकांस सांगणार आहो.

रॉबर्ट मॅरियन ला फॉलेट यांचा जन्म १८५५ सालच्या जून महिन्याच्या १४ तारखेस विस्कॉन्सिनमधील प्रिमरोझ या खेड्यात, लाकडी ओंडक्यांनी बांधलेल्या एका झोपडीत झाला. मूल आठ महिन्यांचे होते न होते तोच वडील वारले. पुढे आईने दुसरा विवाह केला. पण हे सावत्र वडीलही १८७२ साली निवर्तले आणि कुटुंबाचा भार कोवळ्या वयातच रॉबर्टच्या शिरावर पडला. १८७५ साली मॅडिसन येथील राज्याच्या विद्यापीठात त्याने प्रवेश मिळविला आणि विद्यार्थ्यांचे एक वर्तमानपत्र चालवून आपल्या खर्चाची तजवीज केली. अभ्यासात तो फारसा चमकला असे नाही. मात्र वक्तृत्वात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८७९ साली शेक्सपिअरच्या नाटकातील इयागो या खलपुरुषावर भाषण करून त्याने अनेक राज्यांच्या स्पर्धेत पहिले बक्षीस पटकाविले. ज्या विद्यार्थ्यांना पाठ केलेले भाषण व्यासपीठावर आठवेनासे होते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याच विद्यापीठात त्यांची बेल केस या विदुषीशी ओळख झाली व १८८१ सालच्या शेवटच्या दिवशी दोघांचा विवाह झाला. या बाईंनी विवाहानंतर कायद्याचा अभ्यास केला आणि १८८५ साली त्या विद्यापीठाच्या कायदेशाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पतीच्या सार्वजनिक कार्यात त्यांचे साह्य इतके मोलाचे होते की त्यांचे स्वतंत्र चरित्रच लिहावयास हवे.

आता मुख्य विषयाकडे वळू. त्या काळी विस्कॉन्सिनमध्ये रिपब्लिकन पक्षाचे वर्चस्व इतके होते की त्या पक्षाची उमेदवारी मिळाली म्हणजे निवडणूक बहुधा जिंकल्यासारखीच असे. ही उमेदवारी देण्याची रीत अशी : गावोगावी पक्षाच्या मंडळींची लहानशी सभा भरे, तिला कॉकस म्हणत. त्या सभेने प्रतिनिधी निवडावयाचे, त्या प्रतिनिधींनी जिल्ह्याच्या परिषदेस जावयाचे, तेथून आणखी प्रतिनिधी राज्याच्या परिषदेस जावयाचे, आणि तेथे उमेदवार ठरावयाचा. कागदावर ही पायऱ्यांची योजना निर्दोष दिसते. पण प्रत्येक पायरीवर प्रतिनिधींची संख्या थोडी, आणि थोडक्या माणसांस नोकरीचे आमिष, रेल्वेचा फुकट पास किंवा रोख पैसा देऊन वळविणे सोपे. रेल्वे कंपन्या आणि इमारती लाकडाचे बडे व्यापारी यांच्याशी सख्य असलेले मूठभर पुढारी सर्व सूत्रे हलवीत. अशा पुढाऱ्यास अमेरिकेत बॉस म्हणत आणि त्याच्या कारभारास यंत्र.

१८८० साली तरुण ला फॉलेट यांनी डेन जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या जागेसाठी उमेदवारी करण्याचे ठरविले, तेव्हा मॅडिसनचे पोस्टमास्तर एलिशा कीज हे तेथील बॉस होते. त्यांनी या मुलास नाद सोडण्याचा सल्ला दिला. ला फॉलेट यांनी तो मानला नाही. शेतकऱ्यांच्या घरोघर फिरून, बांधावर उभे राहून त्यांनी आपले म्हणणे सांगितले आणि ती जागा मिळविली. पुढे १८८४ साली ते वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले व तेथे तीन वेळा बसले. १८९० साली पक्षाची सर्वत्र दाणादाण उडाली, तीत त्यांचीही जागा गेली व ते मॅडिसनला वकिली करू लागले.

त्यांच्या आयुष्यास कलाटणी देणारा प्रसंग १८९१ सालच्या सप्टेंबरात घडला. राज्याच्या माजी खजिनदारांवर त्या वेळी खटले चालू होते आणि ज्या न्यायाधीशापुढे ते होते तो ला फॉलेट यांचा मेहुणा होता. सिनेटर फिलेटस सॉयर हे लाकडाच्या धंद्यात गबर झालेले, पक्षाचे बडे पुढारी. त्यांनी ला फॉलेट यांस मिलवॉकी येथील एका हॉटेलात बोलाविले व तेथे पैसे देऊ केले. हे पैसे न्यायाधीशास वळविण्यासाठी होते असे ला फॉलेट यांनी जाहीर केले. आपण केवळ त्यांस वकील नेमू पाहत होतो असे सॉयर यांचे म्हणणे पडले. त्या खोलीत त्या दोघांवाचून दुसरे कोणी नव्हते, तेव्हा आम्ही न्यायाधीशाची भूमिका घेत नाही. एवढे खरे की त्या दिवसापासून पक्षाच्या श्रेष्ठींनी ला फॉलेट यांस वाळीत टाकले.

१८९६ साली त्यांनी गव्हर्नरपदाची उमेदवारी मागितली. परिषदेच्या आदल्या दिवशी बहुमत आपल्या बाजूस होते, पण रात्रीतून पैसे चारून आपले प्रतिनिधी फोडण्यात आले, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. एखादा दुसरा मनुष्य अशा वेळी नव्या पक्षाची गुढी उभारता किंवा घरी बसता. ला फॉलेट यांनी विचार केला की दोष माणसांत आहे त्याहून अधिक रीतीत आहे. १८९७ सालच्या २२ फेब्रुवारीस शिकागो विद्यापीठातील व्याख्यानात त्यांनी आपली योजना मांडली : कॉकस व परिषद ही दोन्ही मोडून टाकावी, खऱ्या निवडणुकीच्या आधी सरकारी देखरेखीखाली, गुप्त मतदानाने दुसरी एक निवडणूक घ्यावी आणि पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवावे. हिलाच प्राथमिक निवडणूक म्हणतात. कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हे. पेनसिल्व्हेनियातील क्रॉफर्ड जिल्ह्यात कित्येक वर्षांपूर्वी पक्षाने आपखुशीने ती अमलात आणली होती. पण संबंध राज्यास कायद्याने बांधणारी प्राथमिक निवडणूक हवी, हा आग्रह ला फॉलेट यांनी धरला.

त्या वर्षी शेतकऱ्यांच्या जत्रांतून, उघड्या घोडागाडीवर उभे राहून, त्यांनी हाच विषय लावून धरला. गुरांचे प्रदर्शन आणि घोड्यांच्या शर्यती पाहावयास आलेले लोक निवडणुकीच्या रीतीवरील व्याख्यान तासन् तास ऐकत उभे राहिले, यावरून वक्त्याच्या सामर्थ्याची कल्पना यावी. १८९८ साली परिषदेने पुन्हा त्यांस नाकारले. १९०० साली मात्र उमेदवारी मिळाली आणि ते गव्हर्नर झाले.

पद मिळाले म्हणून कायदा झाला असे नाही. १९०१ सालच्या विधिमंडळाने मूळ योजना धुडकावून केवळ जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुरते एक लंगडे विधेयक पाठविले. त्यांनी ते परत फिरविले. अर्धी भाकरी घेण्यापेक्षा उपाशी राहिलेले बरे असे त्यांचे धोरण होते, आणि ते सर्वदा शहाणपणाचे होते असे आमच्याने म्हणवत नाही. पण येथे ते फळास आले. १९०२ साली ते पुन्हा निवडून आले. विरोधी आमदारांच्या गावी जाऊन, त्यांनी विधिमंडळात कोणत्या प्रश्नावर कसे मत दिले याची यादी ते भर सभेत वाचून दाखवीत. शिवी नाही, टोमणा नाही, नुसती यादी. १९०३ साली विधिमंडळाने विधेयक संमत केले, पण जनतेने सार्वमताने मान्यता दिली तरच ते लागू व्हावे अशी अट घातली.

१९०४ सालच्या मे महिन्यात पक्षाची राज्य परिषद मॅडिसन येथील विद्यापीठाच्या व्यायामशाळेत भरली. खोटे प्रतिनिधी घुसतील या भीतीने दाराशी काटेरी तारेची अरुंद वाट केली होती आणि तेथे फुटबॉल खेळणारे धिप्पाड गडी उभे केले होते. विरोधी गट संतापून निघाला व त्याने नाट्यगृहात वेगळी परिषद भरवून स्वतःचा उमेदवार उभा केला. कोणता उमेदवार खरा, हा तंटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबरात निकाल ला फॉलेट यांच्या बाजूने लागला. परिषदेची रीत का मोडावी, याचे उत्तम प्रात्यक्षिकच लोकांस पाहावयास मिळाले. नोव्हेंबरात लोकांनी त्यांस तिसऱ्यांदा गव्हर्नर केले आणि त्याच दिवशी प्राथमिक निवडणुकीच्या कायद्यास मान्यता दिली.

या कायद्यातील एक कलम विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. इतर कित्येक राज्यांत पुढे जे कायदे झाले त्यांत मतदाराने आपण अमुक पक्षाचे आहो अशी आधी नोंद केली पाहिजे, आणि त्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत दिले पाहिजे, असे ठरले. न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनिया येथे आजही असेच आहे. जो आपणास कोणत्याच पक्षाचा म्हणवीत नाही त्यास तेथे पक्षाचा उमेदवार ठरविण्यात मत नाही. विस्कॉन्सिनच्या कायद्याने मतदारास पक्ष विचारलाच नाही. त्याने आडोशास जावे, कोणत्याही एका पक्षाच्या उमेदवारांपुढे खूण करावी, आणि आपण कोणता पक्ष निवडला हे कोणासही कळू देऊ नये. ज्या मजुराची नोकरी रेल्वे कंपनीच्या हाती आहे किंवा ज्या शेतकऱ्याचे कर्ज गावच्या पुढाऱ्याकडे आहे, त्यास या गुप्ततेची किंमत किती वाटली असेल याचा विचार पालकांनीच करावा.

याच्या उलट बाजूसही तथ्य आहे. पक्ष ही समान मतांच्या लोकांनी केलेली संस्था असेल, तर बाहेरच्याने येऊन तिचा उमेदवार का ठरवावा? शिवाय एका पक्षाच्या लोकांनी मुद्दाम दुसऱ्या पक्षाचा दुबळा उमेदवार निवडून द्यावा, अशी लबाडीही संभवते. तथापि पक्षाच्या उमेदवारीवरच जेथे अधिकारपद अवलंबून आहे, तेथे ती पक्षाची खासगी बाब राहत नाही, हा ला फॉलेट यांचा मुद्दा आम्हांस अधिक वजनदार वाटतो.

पहिली प्राथमिक निवडणूक १९०६ सालच्या सप्टेंबरात झाली. ला फॉलेट तोवर सिनेटर होऊन वॉशिंग्टनला गेले होते. गव्हर्नरपदासाठी त्यांनी आपले विश्वासू सहकारी अर्व्हाइन लेनरूट यांस पुढे केले. विधिमंडळात या कायद्यासाठी झटलेले लेनरूट ते हेच. त्यांच्या विरुद्ध जेम्स डेव्हिडसन हे नॉर्वेत जन्मलेले, साधे, लोकप्रिय गृहस्थ उभे होते. मतदारांनी डेव्हिडसन यांस मोठ्या मताधिक्याने निवडले. लोकांनी आपणच निवडावे असे ज्याने वर्षानुवर्षे सांगितले, त्याचाच माणूस लोकांनी पहिल्या फटक्यास नाकारला! कायद्याचे काम चोख चालले होते, याहून दुसरा पुरावा नको.

पुढील काळ आम्ही थोडक्यात आटोपतो. १९१२ साली ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीस उभे राहिले व नॉर्थ डकोटातील प्राथमिक निवडणूक जिंकले. पण फिलाडेल्फिया येथे थकव्याच्या भरात केलेल्या एका लांबलचक भाषणाने त्यांचे फार नुकसान झाले होते. १९१७ साली महायुद्धात पडण्याच्या विरुद्ध मत देणाऱ्या सहा सिनेटरांत ते एक होते. त्यासाठी त्यांस देशद्रोही ठरविण्यात आले, सिनेटमधून काढून टाकण्याची मागणी झाली, आणि ज्या विद्यापीठावर त्यांचे प्रेम होते तेथील शेकडो अध्यापकांनी त्यांचा सहीनिशी निषेध केला. जुन्या रीतीच्या परिषदेने १९२२ साली त्यांस खचित उमेदवारी नाकारली असती. पण उमेदवारी आता मतदारांच्या हाती होती, व त्यांनी ती प्रचंड बहुमताने ला फॉलेट यांस दिली. १९२४ साली दोन्ही मोठे पक्ष बाजूस सारून ते राष्ट्राध्यक्षपदासाठी स्वतंत्रपणे उभे राहिले. वेगवेगळ्या राज्यांत मतपत्रिकेवर त्यांचे नाव वेगवेगळ्या पक्षनामाखाली छापावे लागले. तरीही सुमारे ४८ लक्ष लोकांनी, म्हणजे दर सहा मतदारांतील एकाने, त्यांस मत दिले. राज्य मात्र एकच जिंकता आले, ते विस्कॉन्सिन. दुसऱ्या वर्षी, १९२५ सालच्या १८ जूनला, सत्तरावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले असता त्यांचे वॉशिंग्टन येथे निधन झाले.

त्यांच्या मागून त्यांचे चिरंजीव रॉबर्ट एकवीस वर्षे सिनेटर होते. १९४६ साली त्यांस रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच थोड्या मतांनी पराभव पत्करावा लागला. पराभव करणारे जोसेफ मॅकार्थी पुढे निराधार आरोपांबद्दल कुप्रसिद्ध झाले, तेव्हा ही रीत नेहमीच उत्तम मनुष्य निवडते असे कोणी समजू नये. डेमोक्रॅटिक पक्षाने खुल्या प्राथमिक निवडणुकीवर घेतलेल्या आक्षेपातून उद्भवलेला खटला १९८१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकालास लागला. राज्याचे ॲटर्नी जनरल त्या वेळी ब्रॉन्सन ला फॉलेट, म्हणजे आमच्या चरित्रनायकाचे नातू होते आणि खटल्यास त्यांचेच नाव आहे. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला; राष्ट्रीय परिषदेस कोणते प्रतिनिधी घ्यावयाचे हे पक्षाने ठरवावे, राज्याने त्यावर सक्ती करू नये, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे १९८४ साली त्या पक्षाने विस्कॉन्सिनमध्ये पुन्हा कॉकस भरविले. परंतु पुढे पक्षानेच आपला आग्रह सोडला, आणि जुनी रीत परत आली. त्या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदविणाऱ्यास आजही नाव, पत्ता, जन्मतारीख इत्यादि विचारतात. पक्ष विचारीत नाहीत.